धोट्याचं तोंड

आजोबांच्या घरात एक खड्डा होता,
मागाचा.
कमरेपर्यंत जमिनीत उतरून ते विणायचे,
अडकूजी कोष्टी, मूळ बऱ्हाणपूरचे,
मुक्काम इंदूर, खान नदीच्या काठी.
पाय मातीत, हात सुतात.
बारा वर्षं मी अर्धाच दिसायचो, म्हणत,
तुझ्या आजीलाही.

मग मिल आली.
बॉयलर स्टेशनवरून ओढायला हत्ती लावला म्हणे.
कुणी म्हणे दोन.
उजाडलं की नाही, हे भोंगा ठरवू लागला.
घरी कांड्या भरायची सारजाआजी,
तेव्हा ते काम नव्हतं.
मिलमध्ये तेच हात, त्याच कांड्या,
आणि शनिवारी पदरात बांधलेला पगार.
खड्ड्यात तिनं कोळसा भरला.

खड्ड्यातला माणूस उभा राहिला.
दहा तास उभा. पोटऱ्यांना कळेना, हे काय.
धोटा आता यंत्र फेकायचं,
पण प्रत्येक फेकीला
आजोबांचा उजवा खांदा उगाच हलायचा.
शेवटपर्यंत हलायचा. झोपेतसुद्धा.

कांडी संपली की नवी घालायची,
धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावायचे
आणि श्वास आत ओढून
सुताचं टोक बाहेर काढायचं.
दिवसातून दोनशे, तीनशे वेळा.
तंबाखू, खोकला, रात्रीची दारू, सगळं
त्या एका भोकात.
पाळी बदलली की तोच धोटा
दुसऱ्याच्या ओठांना.

म्हणूनच, मुकादमानं सांगितलं,
मांगीलाल बलाईला साळखात्यात घेता येणार नाही.
मांगीलालचे बापजादे विणकर.
हात आमच्यापेक्षा हलका होता त्याचा,
हे आजोबाच सांगायचे, नजर दुसरीकडे ठेवून.
त्याला पिंजणखात्यात धाडलं.
तिथली धूळ कुणाच्या तोंडातून कुणाच्या तोंडात जाते,
याची चौकशी नव्हती.
साळखात्यातून वर एक कागद गेला.
बेचाळीस अंगठे.

मग विलायतेहून नवे धोटे आले.
कडेला तिरपी चीर:
बोटानं सूत दाबलं की आपसूक आत.
साहेबाला आमच्या छातीची काळजी होती
की वाया जाणाऱ्या मिनिटांची, कोण जाणे.
(मिनिटांचीच.)
दुसऱ्या दिवशी मांगीलाल दारात उभा,
केसांत कापूस:
"अब तो मूंडो नी लागे, साब."

साळखातं गप्प झालं.
दीडशे माग खडखडत असताना
गप्प कसं होतात,
ते आजोबांनी मला करून दाखवलं,
ओठ मिटून, खांदा हलवत.
मग कुणीतरी म्हणालं,
"आणि पाण्याच्या माठाचं?"

कोण म्हणालं?
मी विचारलं. दोनदा विचारलं.
आजोबा म्हणाले, चहा गार होतोय.

चार वर्षांनी मिळाला त्याला माग,
कोपऱ्यातला, खांबाआड, उजेड कमी.
माठ स्वतःचा.
त्याचं कापड पहिल्या नंबरात जायचं,
गाठीवर मिलचा शिक्का,
आणि सियागंजात ते विकत घेणाऱ्यानं
कधी विचारलं नाही कुणी विणलं.
आमच्या आईच्या लग्नातला तागा
त्या कोपऱ्यातला असेल, नसेल.

आता मिल नाही.
एक जुना धोटा आहे आमच्या फळीवर,
चीर नसलेला,
भोकाभोवतीचं लाकूड ओठांनी झिजून
गुळगुळीत झालेलं.
एकदा मी तो तोंडाला लावला,
श्वास ओढून पाहिला.
सूत नव्हतंच. तेलाची चव आली,
बारीक शिट्टी वाजली.

आजोबा खाटेवरून उठले,
धोटा माझ्या हातातून काढून घेतला,
मोरीत नेऊन
बराच वेळ धुतला
आणि न पुसता
परत फळीवर ठेवला.