सातवी स्लाईड

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या वरच्या खोलीत
यल्लाप्पा मुचंडीकर उभा राहिला.
बावीस स्लाईडी. रात्र जागून
अक्षरं गिरक्या घेत येतील अशी बसवलेली.

पुण्याचे साहेब घड्याळ बघत होते.

तिसरीवर मराठीचे चौकोन झाले,
चौथीवर कन्नडचे.
रिकामे. दोन्हीकडचे सारखेच.
मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

मधल्या भराभर पळवून
तो सातवीवर थांबला:
नुसता फोटो. फुटलेलं कास्टिंग,
पोटात हवेचं बोटभर भोक.

"वाळू ओली होती," तो म्हणाला,
"मीच भरलो होतो."

पुढं सरकला तसं
ते भोक त्याच्या शर्टावर आलं,
खिशाच्या जरा खाली.
साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

संध्याकाळी तिसऱ्या रेल्वे गेटाला
बस अडकली तेव्हा
त्यानं एकवीस पुसल्या.