एका दमात

पाण्याच्या दिवशी सराव उशिरा सुरू होतो.
पाचव्या दिवशी नळ येतो, तोही पहाटे तीनला,
आणि माझा अर्धा संघ घागरी भरून
तळहातावर कडीचे वळ घेऊन मैदानात उतरतो.
अशा दिवशी मी पकडी घ्यायला लावत नाही.
लिंबाखाली बसतो. डबे उघडतात.
शेंगाचटणी, कडक भाकरी,
जी मोडताना कुणाचंतरी हाड मोडल्यासारखं वाजतं
आणि सगळ्या हसतात.

श्रीनिधी हसली नाही.
श्रीनिधी येलदी, विडी घरकुलातली.
परवा अक्कलकोटच्या पोरींच्या साखळीतून
सापासारखी निसटून
रेषेला एक बोट टेकवलं होतं तिनं,
त्या एका बोटावर आम्ही अंतिम सामन्यात.

"बाई, मधे दम तुटलावता माझा.
एक श्वास घेतले मी. बारका.
हलगी वाजालती, पंचांना ऐकू गेलं नाही."

आधी कुणीच बोललं नाही.
मग सगळ्याच.
तहसीन म्हणाली, ऐकणं पंचांचं काम, तुझं काम पळायचं.
महादेवी बिराजदार उठूनच उभी राहिली:
त्यांच्या पोरीनं माझी वेणी ओढली, ते कुणी मोजलं?
पंच चुकले तर चूक,
आणि आपण गप बसलो तर चोरी, हे कसं काय बाई?

रेणुका गड्डम कधी बोलत नाही. ती बोलली.
"आईच्या हजार विड्यांतनं चेकर शंभर छाट काढतो,
चांगल्या असल्या तरी काढतो.
तो पण पंचच की. त्याच्यावर अपील नसतंय.
एकदा चुकून त्यानंच पन्नास जास्त धरल्या.
आई घरापर्यंत काय बोलली नाही,
घरी येऊन देवापुढं बसली.
बाई, ती चोर हाय का?"

बी.पी.एड.ला 'खिलाडूवृत्ती' पाच गुणांना होती.
मी चार मुद्दे लिहिले होते, अक्षर सुंदर.
त्यात छाट नव्हती.

आणि पल्लवी, राखीव,
जिला अजून एकही सामना मिळालेला नाही,
भाकरी चावत म्हणाली,
"पण अक्का, तो चोरलेला श्वास ठेवलीस कुठं?"
पुन्हा हशा.
श्रीनिधीचा हात मात्र छातीवर गेला,
खिसा चाचपावा तसा.

मी शिट्टीच्या दोरीला गाठी मारत होते.

माझा जन्म गड्ड्याच्या जत्रेतला,
नंदीध्वज निघाले त्या दुपारचा, असं आई सांगायची.
दाखल्यावर मी डिसेंबरची आहे.
चौदा वर्षांखालच्या संघात बसावी म्हणून
हेडमास्तरांनी निळ्या शाईवर निळी शाई फिरवली.
राज्यापर्यंत गेले. त्या प्रमाणपत्रावर ही नोकरी.
नवरा डिसेंबरात केक आणतो.
मी फुंकर मारते.
अकरा महिने उशिरा निवृत्त होईन,
म्हणजे तेवढा पगारही त्या शाईचाच.
कुणी विचारलं नाही. हलगी वाजत होती.

"बाई, अक्कलकोटच्या बाईंचा नंबर द्या."

महादेवी ओरडली, शनिवारी फायनल हाय, येडी झालीस का!
तहसीननं तिचा दंड धरला, अगदी पकडीत धरतात तसा.
मी सांगू शकले असते, थांब, विचार करू,
निकाल लागलाय, आता काही बदलत नाही.
खरंच बदलणार नसेल.
दहा पोरींच्या मेहनतीचं काय, हेही विचारता आलं असतं,
आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही.

तिच्याकडे मोबाइल नाही.
मी माझाच दिला.
रिंग वाजत होती तेव्हा ध्यानात आलं,
पलीकडे माझं नाव उमटलं असेल.

ती बोलायला लागली,
उभ्यानं, डोळे मिटून, एका दमात,
आणि मी भाकरीच्या चुऱ्यावर बोट टेकवत
मोजत होते:
जानेवारी, फेब्रुवारी, मार्च