खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

प्लगची वायर आधी काढायची.
हे मी चार वेळा सांगतो,
भूपेश पाचव्यांदा विसरतो,
मग त्याच्यापुढं डावा अंगठा धरतो:
नखाच्या जागी नुसती कातडी.
वायर निघते.

शिवडीची सिमेट्री, पाण्याच्या टाकीमागं पत्र्याची शेड.
शेडमध्ये मी, तो, आणि गवत कापायचं यंत्र.
रजिस्टरात ते 'लॉन मोवर, नग एक',
आमच्यात 'आजोबा',
सुरू होताना खोकतं तसं.

एअर फिल्टर वर राहील असं कलंडव.
नाहीतर तेल कार्बोरेटरात उतरतं
आणि दुपारभर पांढरा धूर.
एकदा फादर धावत आले होते,
इथं जाळतंय कोण म्हणून.

पोटाखाली अख्खा पावसाळा थिजलेला,
जून, जुलै, श्रावण, थरावर थर.
सुरीनं खरवडला की पोळीसारखा सुटतो,
वास आंबलेल्या ताकाचा.
आत मेणबत्तीचं बूड, प्लास्टिकच्या गुलाबाची पाकळी,
रोझरीचे तीन मणी, एक रुपया.
मणी डबीत. वर्षाअखेर ऑफिसात ॲग्नेलकडं देतो,
तो कुणाला देतो, विचारलं नाही कधी.
रुपया भूपेशचा.

ब्लेड सोडवलं. एका धारेला खाच,
तांदळाच्या दाण्याएवढी.
ओळखली मी ती.
सतराव्या ओळीतला संगमरवरी देवदूत,
त्याची करंगळी गळून गवतात पडलेली,
मला दिसली नाही.
यंत्रानं तिचे तुकडे केले,
तिनं यंत्राचा एक.
फिटंफाट.

कानस एकाच दिशेनं मार.
कोन जुनाच ठेव. फार धार नको,
फार धार लवकर मोडते.
मी ब्लेडचं बोलतोय,
भूपेशला वाटतं त्याच्या तोंडाचं.
वाटू दे.

मग मधल्या भोकातून ब्लेड भिंतीतल्या खिळ्यावर टांगलं.
जी बाजू झुकली, ती अजून थोडी घासली.
पुन्हा टांगलं. पुन्हा घासलं.
तिसऱ्यांदा ते आडवं राहिलं,
पारड्यांशिवायच्या तराजूसारखं.
बिडी विझेपर्यंत मी बघत बसलो.

तेल सकाळीच काढलं होतं, पाच मिनिटं चालवून,
गरम असतानाच.
थंड तेल तळाचा गाळ धरून बसतं.
राहिला फिल्टरचा स्पंज. साबणाच्या पाण्यात
दाबून धुवायचा, पिळायचा नाही,
सावलीत वाळवायचा.
भूपेशनं तो बदामाखालच्या एका क्रूसावर पसरला.

मी ओरडणार,
तेवढ्यात मागून मिसेस मिस्किटा,
दर गुरुवारी येतात, पिशवीत झेंडू आणि फडकं घेऊन.
'राहू दे रे,' म्हणाल्या, 'माझ्याच घरवाल्याचा हाय.
तीस वर्सं गॅरेजात होता,
हात धुतल्याबिगर जेवायला बसायचा.'
स्पंज त्यांनी उलटला,
दुसरी बाजू वाऱ्याकडं केली.

जाताना चार झेंडू शेडच्या कडीला लावून गेल्या.

उद्या हळदकुंकू, हार.
उद्या दोरी ओढायची नाही,
गवत वाढेल ते वाढू दे.
दोन नोव्हेंबरला मेणबत्त्यांची गर्दी व्हायच्या आत
तेवीस ओळी कापायच्यात, ते मग बघू.
आणि नारळ पायरीवर फोड, भूपेश, इंजिनावर नाही.
गेल्या वर्षी पाणी प्लगात गेलं,
आजोबा तीन दिवस बोलले नाहीत.

वायर परवा जोडू.