एक्केचाळीस डॉलर साठ सेंट

आमच्या संस्थेचं कार्यालय म्हणजे वसतिगृहाच्या तळघरातलं
कपडे वाळवायच्या यंत्राशेजारचं कपाट.
आत दोनशे टूथब्रश, एक अडखळणारा वजनकाटा,
मागच्या अध्यक्षाचा एका पायाचा बूट.
बँकेचा पासवर्ड मात्र नाही.
तो डोक्यात घेऊनच तो पदवीधर झाला
आणि डेन्व्हरला गेला.

मी खजिनदार झाले ती काही निवडून नव्हे.
बैठकीला पाच जण लागत होते, आलो चौघं,
आणि पेन माझ्याकडे होतं.

शुक्रवारी जीवरसायनाचा तास बुडवून निघालो.
ओहायोचा हा कोपरा टेकड्यांनी चुरगळलेला,
रस्ता ओढ्याला विचारत विचारत जातो.
टोबायस गाडी हाकत होता, इनेस मागच्या सीटवर
डोळ्यांचे तक्ते मांडीवर धरून झोपलेली.
रेंज जाण्याआधीच्या शेवटच्या पंपावर
पेट्रोल भरलं. पावती खिशात टाकली.

शाळेत नर्स मंगळवारी येते.
बाकीचे चार दिवस कुणी आजारी पडायचं नाही
असा तिथला न लिहिलेला नियम.
ऑफिसातल्या बाईंनी माझं नाव दोनदा विचारलं
आणि छातीवर चिकटवायला चिठ्ठी दिली: केट की.
मी दुरुस्त केलं नाही.
केतकीपेक्षा किल्ली असणं
त्या दिवशी जास्त कामाचं वाटलं.

जिममध्ये रांग. चीझचा आणि ओल्या बुटांचा वास.
चौतिसावी टॅन्सी, इयत्ता तिसरी,
डावा डोळा झाकून घडाघडा म्हणाली,
ई, एफ, पी, टी, ओ, झेड,
पाढे म्हणावेत तशी, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत.
मला शंका आली. इनेसकडून दुसरा तक्ता घेतला.
टॅन्सीने त्यावरही तेच वाचलं,
ई, एफ, पी, टी, ओ, झेड.
त्या तक्त्यावर ई नव्हताच कुठे.

मी खाली बसले, तिच्या उंचीला.
मला वाटलं आता ती पैशांचं काही सांगेल,
घरातलं काही, मान खाली घालून.
आम्हाला तसं ऐकायची सवय लागली होती,
अर्जात तसं लिहिलं की देणग्या येतात.

ती म्हणाली, चष्मा लागला की पुढच्या बाकावर आणतात.
मी मागे बसते. ब्रेलिनजवळ.

एवढंच.

अगं, उलट, मी म्हटलं, चष्म्याने लांबचं दिसतं,
मग तर मागेच बसता येतं.
तिने मला नीट पाहिलं, म्हणजे डोळे बारीक करून पाहिलं,
आणि म्हणाली, लिहून दे.

खिशात दुसरा कागद नव्हता.
पावतीच्या पाठीवर लिहिलं,
‘टॅन्सीला चष्म्यासह मागे बसू द्यावं.’
खाली सही. हुद्दा: खजिनदार.
तिने तारीखही घालायला लावली.

अकरा चष्मे पोस्टाने गेले.
आम्ही परत जाणार होतो, पण परीक्षा आल्या,
मग टोबायसला कांजिण्या. या वयात.

नोव्हेंबरात फोन आला. ऑफिसातल्या बाई.
‘केट की म्हणजे तूच ना?
एक पोरगी सकाळपासून मुख्याध्यापकांच्या दारात उभी आहे,
पेट्रोलची पावती घेऊन. हे खरं आहे का?’

कपडे वाळवायचं यंत्र घरघरत होतं.
मी ओरडूनच सांगितलं, हो, खरं आहे,
सही माझीच आहे.
पलीकडे ती कुणाला तरी म्हणाली, खरंय म्हणते.
मग फोन ठेवला गेला. पुढचं मला माहीत नाही.

विद्यापीठाच्या हिशेब समितीचा फॉर्म आला आहे.
एक्केचाळीस डॉलर साठ सेंट, पावती जोडलेली नाही,
कारण लिहा, दोन ओळींत.
मी लिहिलं: पावती हरवलेली नाही, वापरात आहे.

फॉर्म परत आला.
पैसे माझ्याकडून कापले.