चौथ्या मजल्यावरचं ऊन

सहा महिने त्यांनी मला रंगाला हात लावू दिला नाही.
चुना भिजवायचा, गाळायचा, पुन्हा झाकून ठेवायचा.
बाच्चीन मास्तर एवढंच म्हणायचे,
"सावली काळी नसते, नीवेस.
भिंतीचाच रंग, जरा गप्प झालेला."

मग सुतळी. निळ्या भुकटीत घोळवून
ताणायची, टणकन सोडायची.
ओल्या गिलाव्यावर उमटलेली ती सरळ रेघ
माझ्या हातची पहिली खरी गोष्ट.

आज परांचीवर.
खाली कामोलीचं बंदर, वाळत घातलेली जाळी,
आणि पुढ्यात खिडकी, जी खिडकी नाही:
हिरवी झडप, दगडी चौकट, सगळं रंगाचं.
शेजारच्या खऱ्या खिडकीतून एक बाई
फडकं झटकते. माझ्या चुन्यात धूळ.

बाकी सगळ्या खोट्या खिडक्यांत
उजेड डावीकडून येतो. सकाळचे दहा, कायमचे.
या एकीतच उजवीकडून.
ब्रश थांबवून मी हाक मारली,
सुधारू का?

दोन शिड्या चढून आले, धापा टाकत,
चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.
"शिकाऊ असणार कुणी," म्हणाले,
"जेवून आला असेल,
दिसलं ते काढलं.
राहू दे त्याचं ऊन."

ती चूक मी
जशीच्या तशी भरली. बरोबर काढण्यापेक्षा
अवघड गेली.

आता रस्त्यावरून वर पाहिलं तर
अख्ख्या घरावर सकाळ,
आणि चौथ्या मजल्यावर एकटंच कुणीतरी
कामावरून लवकर घरी आलेलं.