पासंग

प्रकाशे गावात नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं दुकान.
गूळ, हरभरा, सुकी मिरची.
तराजूचं डावं पारडं पहिल्यापासून हलकं,
म्हणून आजोबांनी त्याच्या बुडाशी डांबर लावून
एक काळपट चकती चिकटवलेली,
तापीच्या दरडीत सापडलेली, म्हशी धुताना.

धुडकूशेठ शिरोड्यांचा काटा सोळा आणे खरा,
असं पार शहाद्यापर्यंत बोललं जायचं.

जमुना वळवी मिरची घ्यायला आली.
धुळ्याला शिकते, जुनी नाणी वाचायला.
पायातला काटा काढायला खाली वाकली
आणि तशीच राहिली, पारड्याखाली बघत.

रॉकेलच्या बोळ्यानं डांबर पुसलं.
आधी हिरवं आलं. मग एक मान.
मग मानेवर रुळणाऱ्या फितीची दोन टोकं.
नाक नव्हतं.
वडिलांनी चष्मा सरकवला, "हाऊ कोन शे?"
"रोमचा बादशहा. कुठला, ते वाचता येत नाही."
पाठीवर दोन ठसठशीत अक्षरं, तिथल्या सभेची,
जणू तांब्यापुरतं तरी
बादशहालाही विचारावं लागायचं कुणाला.
"मोल काय?"
"अशी सोळा दिली की चांदीचं एक."
वडील खदखदून हसले,
"मंग आना शे हाऊ! एक आना!"

सोनं येतं ते मागवलेलं, मोजलेलं, थैलीला मोहोर लावून.
हे कुणी मागवलं नसणार.
एवढ्यात तिकडे एखादा पाव आला असता.
गलबतावरच्या कुणा पोऱ्याच्या कमरेला राहून गेलं असेल,
भडोचच्या धक्क्यावर कुणी घेतलं नसेल,
परत गेलो की खर्चीन, म्हणाला असेल.
माझ्या खणात मस्कतचं एक नाणं आहे,
मामेभावानं दिलेलं.
त्याचं तरी मी काय करू?

तहसीलचा माणूस आला. पंचनामा झाला.
कागदी पाकिटात बसून बादशहा गेला,
वजन दहा ग्रॅम, दोन साक्षीदार.

संध्याकाळी वडिलांनी रिकामा तराजू उचलला.
उजवं पारडं खाली. ते ठरलेलंच.
शेजारच्या पीतांबर सोनाराकडून बारीक वजनं आणली,
एकेक करत डावीकडे ठेवली,
श्वास धरून.
काटा सरळ झाला तेव्हा सात ग्रॅम भरले होते.

सात.
पुन्हा केलं. सातच.

मी विचारलं,
"आजोबा माल कुठल्या पारड्यात टाकायचे?"
गल्लीतून एक सायकल गेली.
समोरच्यांनी शटर ओढलं.
"डाव्या," वडील म्हणाले.

तेवढ्यात एक पोरगी आली, अर्धा किलो गूळ मागायला.
त्यांनी नीट तोलून दिला,
पुडी बांधली,
दोरा तोडला,
मग पुडी परत सोडून
वर एक खडा टाकला.