डावखुऱ्याचं माप

उदगीरच्या मोंढ्यात ताडपत्र्या शिवतो मी.
ट्रॅक्टरची सीटं, शाळेची दप्तरं,
एकदा तर बँडवाल्याच्या ढोलाची खोळ.
बंदुकीच्या माणसाचं काम पहिल्यांदाच आलं.

सुट्टीवरचा विश्वंभर गुट्टे
भर दुपारी दुकानात शिरला, पोतं उपडं केलं.
पट्टे, पिशव्या, बाटली, कुदळीचं पातं.
म्हणाला, चौदा वर्षं तक्त्यावरच्या चित्रागत बांधलं, काका.
बाटली कुठं, गोळ्या कुठं, सगळं ठरलेलं,
अन् चित्रातला माणूस उजवा.
आता नवा साहेब म्हणतो, ज्याचं त्यानं लावा,
फक्त पळून दाखवा.

मला वाटलं, घटकाभराचं काम.
त्यानं मांडलं, मोडलं, परत मांडलं.
मग सगळं अंगावर बांधून
माझ्या दुकानात पोटावर सरपटला,
चिंध्यांतून, सुतळीतून, मशीनच्या पायांपर्यंत.
हमाल पाठीवरचं पोतं न उतरवता दारात थांबले.
काय टोचतंय ते बघलालो, तो खालूनच बोलला.

गोळ्यांच्या पिशव्या उजवीकडं घे.
अरे, डावखुरा ना तू?
डावा घोड्यावर असतो, काका. मोकळा उजवाच.

चर्रकन उघडणारी पट्टी दाखवली मी,
हैदराबादचा माल.
नको. रात्री तिचा आवाज अख्ख्या डोंगराला कळतो.
मग मला बापाची गाठ आठवली,
बैलाच्या झुलीला लावायचा ती, कापडाची,
न बघता सुटणारी.
तसलीच, म्हणाला. सगळीकडं तसलीच.

शेवटी एक पुडी उरली, मलमपट्टीची.
ही डावीकडं का उजवीकडं?
इतका वेळ बोलत होता, आता गप्प.
बाटलीचं झाकण उगंच फिरवलं त्यानं.
मधोमध, म्हणाला.
कोणता हात चालू राहील
ते आधी कुठं कळतंय.

तो गेला, उद्या येतो म्हणून.

पुडीचा खिसा मी अंधार पडायच्या सुमाराला शिवला.
पट्टा गळ्यात घातला,
एक हात पाठीमागं धरून गाठ सोडून बघितली.
उजव्यानं सुटली.
डाव्यानं तीनदा अडकली.
उसवली. फास जरा सैल घेतला, दोरा बदलला.
तेवढ्यात लाईट गेली.

बरं झालं, म्हटलं,
असंच बघायचं होतं.